तिसरा पोचा

मित्रांनो, माझ्या भोंग्यावर तीन पोचे आहेत. पहिले दोन कुणी ठोकून काढले तर माझी हरकत नाही. तिसऱ्याला मात्र हात लावायचा नाही, असं माझ्या मालकांनी घरात बजावून ठेवलं आहे. त्याची तारीख मला पाठ आहे : रविवार, १३ एप्रिल २०२५, संध्याकाळी पाच वाजून अठरा मिनिटं. मी एक जुना कॉर्नेट आहे. ट्रम्पेटचा आखूड, गुबगुबीत भाऊ म्हणा. तीन खटके, एक भोंगा आणि ओठ टेकवायला एक टोक, एवढंच माझं शरीर. पण मी जे ऐकलं आहे ते फार थोड्या वाद्यांनी ऐकलं असेल. म्हणून हे सांगतो.

माझा जन्म १९७४ सालचा, मेरठ शहरातला. तिथल्या कारागिरांनी पितळेचा पत्रा कापला, लोखंडी साच्यावर गुंडाळला आणि लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याचा भोंगा केला. त्याच हिवाळ्यात एक चोवीस वर्षांचा जवान दुकानात आला. सांगली जिल्ह्यातला, सैन्याच्या बँडमधला. सरकारी कॉर्नेट त्याच्याकडे होता, पण त्याला स्वतःचा हवा होता. त्याने मला उचललं, एकच लांब सूर धरला आणि डोळे मिटले. दुकानदार मोजत होता. छत्तीस सेकंद. त्या जवानाचं नाव आकाराम. तेव्हापासून मी त्यांचा आहे.

पहिला पोचा त्याच वर्षी पडला, मिरज स्टेशनवर, गाडीतून ट्रंक उतरवताना. तो अपघात होता. आकाराम त्या रात्री जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

१९८८ साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव कुंडलपासून सात किलोमीटरवर. चहूकडे ऊस आणि मध्ये दोन आळ्या, वरची आणि खालची. पुढच्याच वर्षी त्यांनी वरच्या आळीत चौदा जणांचा बँड उभा केला. नाव ठेवलं ‘जय हनुमान ब्रास बँड’. हे चौदाही जण शेतकरी. आठवडाभर उसाला पाणी पाजायचं, लग्नसराईत लाल कोट चढवायचा. लोक आकारामना ‘मास्तर’ म्हणू लागले. ते माझे वैभवाचे दिवस होते. कुंडलच्या एका लग्नात नवरदेवाच्या आज्याने वरात थांबवली आणि माझ्या भोंग्याला हळदीकुंकू लावलं. पितळेला लाजता येत नाही. मला ती उणीव त्या दिवशी जाणवली.

मास्तरांचे नियम पलटणीतले होते. त्यांतला एक नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लग्नाच्या हंगामात दोन वराती एकाच तिकाटण्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, समोरासमोर येतात. तेव्हा लहान बँडने वीस पावलांवर थांबायचं, वाद्यं खाली घ्यायची, थोरल्याला वाजवत पुढे जाऊ द्यायचं. दुसऱ्याच्या सुरात पाय घालायचा नाही. मास्तर हा नियम कोवळ्या वादकांच्या हाडात भिनवत. समोरून बाजा आला की त्यांची वाद्यं आपोआप खाली जात.

त्यांचा सगळ्यांत आवडता शिष्य दादासो. खालच्या आळीचा, क्लॅरिनेट वाजवणारा. मास्तरांनीच त्याला २००३ मध्ये स्वतःचा बँड काढायला सांगितलं, नारळही त्यांनीच फोडला. नाव पडलं ‘न्यू जय हनुमान ब्रास बँड’. तीन वर्षं दोन्ही बँड सख्ख्या भावांसारखे नांदले.

मग आली १४ मे २००६ ची संध्याकाळ. कुंडलच्या बाहेर, तिकाटण्यावर, आमची वरात एकीकडून आणि दादासोची दुसरीकडून आली. वीस पावलं उरली. दादासो थांबला नाही. पंधरा उरली, दहा उरली. तो वाजवतच राहिला आणि त्याचा सगळा बँड आमच्या बँडमधून आरपार निघून गेला. दोन्हीकडचे वऱ्हाडी हसले. मास्तरांनी मला ओठांवरून काढलं आणि बाजूच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आपटलं. तो दुसरा पोचा. तो अपघात नव्हता.

त्यानंतर एकोणीस वर्षं मास्तर दादासोशी बोलले नाहीत. खालच्या आळीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. किराणा आणायला ते लांबच्या वाटेने जात. आणि भांडण सगळ्यांत उघडं पडायचं ते चैत्रातल्या भैरोबाच्या यात्रेत. पालखीपुढे वाजवायचा पहिला मान कुणाचा? वरची आळी म्हणायची, थोरल्याचा. खालची म्हणायची, आमचीही पालखी आहे. दरवर्षी वाद, दरवर्षी उशीर.

२०२० मध्ये मास्तरांचे पुढचे चार दात गेले. कॉर्नेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात म्हणजे घराचा उंबरा. तो गेला की वारा धरवत नाही. बँड क्लॅरिनेटवाल्याच्या भरवशावर चालू राहिला, मास्तर नुसते पुढे चालायचे. मला त्यांनी जुन्या गणवेशात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. पाच वर्षं. माझे खटके जाम झाले, सांध्यांवर हिरवट कळंक चढला. सुरुवातीला बाहेरचा आवाज यायचा. नंतर मीच ऐकायचं सोडलं.

ट्रंक उघडली ती शिवांजलीने. मास्तरांची नात, सव्वीस वर्षांची. पुण्यात पाश्चात्त्य संगीत शिकून आलेली आणि आता इस्लामपूरच्या एका शाळेत संगीत शिकवणारी. तिने ट्रंक का उघडली, तेही सांगतो. त्याच दिवशी, फेब्रुवारीच्या मधल्या रविवारी, यात्रा कमिटीची बैठक झाली होती. मागच्या वर्षी मानाच्या वादात पालखी एक तास चाळीस मिनिटं उन्हात उभी राहिली होती. कमिटीचे अध्यक्ष आप्पासो यांनी निकाल दिला : यंदा दोन्ही बँड बंद. सांगलीहून मोठ्या स्पीकरचा ट्रक येईल. यंदा बंद म्हणजे कायमचं बंद, हे सगळ्यांना कळलं.

मास्तर घरी आले आणि दाराजवळच्या सोप्यात बसून राहिले. शिवांजलीने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“कशाला काढलंस त्येला?” मास्तर म्हणाले. “निजल्यालं बरं हुतं.”

“आबा, अमेरिकेत एक बँडमास्तर हुता. तुमच्यासारखाच फौजी.”

“कुठली पलटण?”

“त्यांच्या यादवी युद्धातली. जॉर्ज आइव्हज नाव. आन् वाजवायचा काय म्हाईत हाय? कॉर्नेट.”

मास्तरांनी मान वर केली. मित्रांनो, मीही कान टवकारले, असं म्हणायला हरकत नाही.

शिवांजली सांगू लागली. डॅनबरी नावाचं छोटं गाव. युद्ध संपल्यावर हा जॉर्ज गावातले बँड शिकवायचा. एकदा त्याच्या मनात आलं, दोन बँड दोन बाजूंनी वेगवेगळ्या चाली वाजवत समोरासमोर आले, एकमेकांना ओलांडून गेले, तर कानाला काय ऐकू येईल? त्याने खरंच तसं करून पाहिलं, असं सांगतात. त्याचा मुलगा चार्ल्स. दोन चाली एकमेकींत शिरतात आणि तरीही दोन्ही जिवंत राहतात, हे त्याच्या मनात घर करून राहिलं. मोठा झाल्यावर त्याने तसंच संगीत लिहिलं आणि अमेरिकेच्या आधुनिक संगीताचा तो एक मोठा आरंभ ठरला.

स्वयंपाकघरातून बनुबाईंचा आवाज आला. बनुबाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. “त्या गावाला यात्रा कमिटी न्हवती वाटतं.”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “त्यो पोरगा पोटाला काय करायचा?”

“विम्याची कचेरी. दिवसा विमा, संध्याकाळी आन् रविवारी संगीत.”

“म्हंजे ऊस एकीकडं आन् बाजा एकीकडं. आमच्यावानीच की.”

“लोक म्हणायचे, ह्यात चुका हायत. लिवल्यालं उतरून काढणाऱ्याला त्याला सांगायला लागायचं, बाबा, सुधारू नकोस, मी मुद्दाम तसं लिवलंय. त्याच्या एका रचनेला अमेरिकेतलं मोठं बक्षीस मिळालं तवा तो बहात्तर वर्सांचा हुता. लिवून जवळजवळ चाळीस वर्सं झालती.”

“बहात्तर,” मास्तर म्हणाले. ते स्वतः पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी माझा पहिला खटका दाबून पाहिला. तो हलला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस सोप्यात रोज संध्याकाळी अमेरिका अवतरायची. शिवांजली मोबाइलवर ऐकवायची, मास्तर निकाल द्यायचे. स्टीव्ह राइश नावाच्या संगीतकाराने १९६५ मध्ये एकच आवाज दोन टेपवर लावला. दोन्ही यंत्रं हळूहळू पुढेमागे सरकली आणि त्या सरकण्यातून त्याला नवं संगीत सापडलं, हे तिने सांगितलं. मास्तर म्हणाले, “आपल्या हिरीवर दोन डिझेल इंजनं हुती. एकदम चालू केली की आदी एकसूर. मग एक मागं पडायचं. अर्ध्या घटकेनं पुन्ना गळ्यात गळा. मी त्येच ऐकत पाणी पाजायचो.” शिवांजलीने तीच टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

जॉन केज यांची गोष्ट मास्तरांना सगळ्यांत जास्त पटली. एका नाचासाठी त्यांना ढोल-ताशासारखी पुष्कळ वाद्यं हवी होती, पण रंगमंचावर जागा नव्हती. तेव्हा त्यांनी पियानोच्या तारांत स्क्रू आणि बोल्ट अडकवले आणि एकाच पियानोचा सगळा ताफा केला. “फौजेत पास झाला असता,” मास्तर म्हणाले. याच केज यांनी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय बाईंकडून आपल्या संगीतामागचा विचार समजून घेतला होता. पुढे त्यांनी एका वादकाला पियानोपुढे साडेचार मिनिटं गप्प बसवलं आणि लोकांना नुसतं ऐकायला लावलं, हे कळल्यावर बनुबाई बाहेर आल्या. “लगनात लाइट गेल्यावर तसंच हुतंय,” त्या म्हणाल्या. “तवाच कळतंय, कोण कुणाचं काय बोलतंय.”

रूथ क्रॉफर्ड यांचं नाव शिवांजलीच्या वहीत पहिल्या पानावर होतं. रचना करण्यासाठीची एक मानाची शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली स्त्री. “हिचं काय ऐकवत न्हाईस?” मास्तरांनी एकदा विचारलं. “ती माझी हाय,” शिवांजली म्हणाली. “तिला मी एकटीनं ऐकते.”

मग एका सकाळी ती चावडीवर गेली. तिचा विचार सरळ होता. मान कुणाचा पहिला, हा प्रश्नच ठेवायचा नाही. वरचा बँड मारुतीच्या देवळापासून निघेल, खालचा शाळेपासून. दोन्ही वेगवेगळ्या चाली वाजवतील. चावडीच्या चौकात, पालखीच्या दोन्ही अंगांनी, एकमेकांना ओलांडतील.

घरी येऊन तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. आप्पासो म्हणाले होते, “पोरी, तू शिकल्याली हायस. दोन बँड एकदम वाजल्यावर देवाला तरी कळंल काय?”

ती म्हणाली होती, “देवाला बारा वाड्यांची गाऱ्हाणी एकदम ऐकायची सवय हाय, आप्पासोकाका.”

आप्पासो हसले, पण अट घालायला विसरले नाहीत. ट्रक चौकातल्या दूध डेअरीपाशी उभा राहील. एक जरी बँड मध्येच थांबला किंवा गोंधळ झाला, तर ते हात वर करतील आणि ट्रक सुरू होईल. मग पुढच्या यात्रेपासून बँडचं नाव काढायचं नाही.

आता दादासोला विचारणं भाग होतं. मास्तर जाणार नव्हते. “माझा बँड ईल,” ते म्हणाले. “त्येच्याशी बोलायचं तुजं तू बघ.” शिवांजलीने मला पिशवीत घातलं आणि खालच्या आळीत गेली. कारण माझे जाम खटके सोडवणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, तोच दादासो.

त्याने मला पिशवीतून काढलं आणि लगेच ओळखलं. पंचावन्न वर्षांचा झाला होता, केस पिकले होते. रॉकेलचा थेंब थेंब सोडत त्याने एक एक खटका मोकळा केला. मग त्याचं बोट भोंग्यावर फिरलं आणि थांबलं.

“ह्यो दुसरा पोचा माजा हाय,” तो म्हणाला.

“दादासोकाका, त्या दिवशी तुमी का थांबला न्हाईसा?”

“कुणी इचारलंच न्हाई गं आजवर.” त्याने रॉकेलचे हात पुसले. “थांबणार हुतो. वीस पावलं मोजलीती. पर मास्तरांची चाल आन् माजी चाल कानात एकदम आली. असं कवा ऐकलंच न्हवतं. दोन नद्या एका पात्रात याव्यात आन् दोनींचं पानी येगळं दिसावं, तसं. थांबलो असतो तर त्ये गेलं असतं. मी इसरलो की म्होरं मास्तर हायत.”

शिवांजलीने त्याला डॅनबरीची गोष्ट सांगितली. त्याने शेवटी एकच विचारलं, “मग त्यो फौजी आपल्या पोरांवर चिडला?”

“न्हाई. त्याला तेच ऐकायचं हुतं.”

दादासो बराच वेळ माझे खटके वरखाली करत राहिला. मग म्हणाला, “त्या दिवसापास्नं मी समद्यांसाठी थांबतोय. काल निगाल्या बँडसाठीबी. आता ह्ये जमतंय का, बघू.”

तालीम २३ मार्चला, ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात झाली. शिवांजलीने टेपने रस्ता मोजून आणला होता. मारुतीपासून चौक तीनशे चाळीस पावलं, शाळेपासून दोनशे नव्वद. म्हणून वरचा बँड सत्तावीस सेकंद आधी निघणार. वरच्याची चाल पलटणीतलं कूच, खालच्याची पालखीची जुनी चाल. सगळं कागदावर नीट होतं. पण वीस पावलं उरली आणि खालच्या बँडची वाद्यं एकाच वेळी खाली गेली. जणू कुणी दोरी ओढली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ढोलवाल्याने थांबून नमस्कारही केला.

“हात आपसूक खाली येतोय,” दादासो म्हणाला.

मग कानात कापसाचे बोळे घालून पाहिले. त्या वेळी खालचा बँड थांबला नाही, पण ताशेवाल्याला ढोल ऐकू येईना आणि युफोनियमवाला, म्हणजे पोटाशी धरायचा मोठा पितळी भोंगा वाजवणारा, चालत चालत पाटात उतरला. गुडघाभर पाण्यात तो वाजवतच होता.

मास्तर बांधावर पाठ फिरवून उभे होते. शिवांजली त्यांच्यापाशी गेली. “आबा, तुमी सांगा त्यास्नी. तुमच्या सांगण्यानं थांबत्यात, तुमच्याच सांगण्यानं चालतील.”

“मी शिकवल्यालं इसरा म्हणून मीच सांगू?” मास्तर म्हणाले आणि घराकडे निघून गेले. ६ एप्रिलची दुसरी तालीमही तशीच वाया गेली.

पण मला एक गोष्ट माहीत होती, जी शिवांजलीला माहीत नव्हती. मास्तर रोज दुपारी, सगळे रानात गेले की, मला ओठाला लावत. सांगलीहून नवी कवळी बसवून आणली होती. पहिल्या दिवशी माझ्यातून नुसता वारा गेला. चौथ्या दिवशी म्हशीने हंबरावं तसा आवाज निघाला. आठव्या दिवशी एक सूर धरला, चार सेकंद. बनुबाई चिंचेने माझा कळंक घासत होत्या आणि बजावत होत्या, “आवं, कवळी गिळशीला एकाद्या येळी. मग वाजत बसंल प्वाटात.”

“वाजली तर सुरात वाजंल,” मास्तर म्हणाले.

यात्रेचा दिवस आला. पाच वाजून चौदा मिनिटांनी मारुतीच्या देवळापुढे आमचा बँड उभा होता. मास्तरांनी लाल कोट घातला होता, छातीवर पदकं होती. बँडमधल्या कुणाचा विश्वास बसेना, कारण त्यांच्या हातात मी होतो. शिवांजली चौकात घड्याळ घेऊन उभी होती. तिने रुमाल हलवला. मास्तरांनी मला उचललं.

पाच वर्षांनंतर माझ्यातून सूर निघाला. सुरेख नव्हता. खरा होता. ढोलाने ठेका धरला आणि आम्ही निघालो. शंभर पावलांवर मला दुसरा बँड ऐकू येऊ लागला, लांबून, बारीक. दोनशे पावलांवर दोन्ही चाली एकमेकींना धक्के देऊ लागल्या. तीनशेवर चौक दिसला. मध्ये भैरोबाची पालखी, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, हवेत गुलाल. आणि पलीकडून दादासो, क्लॅरिनेट ओठाला, डोळे मास्तरांवर.

वीस पावलं.

खालच्या बँडचा ताशा अडखळला. युफोनियमवाल्याचं वाद्य झुकलं. दादासोची बोटं चालू होती, पण क्लॅरिनेट हळूहळू खाली येत होती. मी समोरून पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, एकोणीस वर्षांची सवय होती. डेअरीपाशी आप्पासोंचा हात खांद्यापर्यंत वर गेला. ट्रकवाला त्यांच्याकडेच बघत होता.

मास्तरांनी मला ओठांवरून काढलं. मला वाटलं, ट्रॉली शोधतात की काय. पण त्यांनी मला छातीशी धरलं आणि परेडच्या मैदानावर जो घुमायचा त्या आवाजात म्हणाले :

“दादासो, थांबायचं न्हाई. वाजीव. ह्यो हुकूम हाय.”

आणि लगेच, दादासोला उत्तर द्यायला वेळ न देता, त्यांनी मला पुन्हा ओठाला लावलं.

क्लॅरिनेट वर गेली. ताशा सावरला. खालच्या बँडचे चौदा आणि आमचे चौदा, असे अठ्ठावीस जण एकमेकांत शिरले. मित्रांनो, तो आवाज मी तुम्हांला कसा सांगू? आमचं कूच आणि त्यांची चाल एकमेकींवर आपटत होत्या, वेगळ्या होत होत्या. एका क्षणी कुठल्याशा सुरावर नकळत एक झाल्या आणि पुन्हा सुटल्या. कुणीच कुणाला बुडवलं नाही. पालखी मध्ये होती आणि आवाज तिच्याभोवती फिरत होता. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका गावात माझ्याच जातीचं एक वाद्य हातात धरून एका फौजी बापाला जे ऐकायचं होतं, ते आमच्या गावात, चावडीपुढे, शेळ्या-मेंढ्या आणि शाळेची पोरं ऐकत होती. आणि त्याच गर्दीत, अगदी मध्यावर, दादासोच्या युफोनियमवाल्याचा जाडजूड भोंगा माझ्या भोंग्यावर खण्णकन आपटला. पाच वाजून अठरा मिनिटं. तिसरा पोचा. मास्तर थांबले नाहीत. मीही नाही.

आप्पासोंचा हात खांद्यापाशीच राहिला होता. मग तो वर गेला, पण त्या हातात गुलाल होता.

बँड एकमेकांच्या आरपार निघाले तेव्हा एक गोष्ट घडली, जिचा शिवांजलीच्या कागदावर उल्लेख नव्हता. ओलांडून पुढे गेल्यावर आम्ही सरळ खालच्या आळीत शिरलो. दुसरी वाटच नव्हती. एकोणीस वर्षांनी मास्तरांचं पाऊल त्या आळीत पडलं. दारादारांतून बाया पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या पायांवर पाणी घालू लागल्या. मास्तर वाजवत होते, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. ते बरंच झालं. तिकडे वरच्या आळीत दादासोच्या पायांवर बनुबाईंनी पाणी घातलं.

मागून पालखी उचलली गेली. वेळेवर, असं कमिटीच्या नोंदवहीत लिहिलं आहे. मान कुणाचा, या रकान्यात काय लिहायचं, असं कुणीतरी विचारलं. आप्पासो म्हणाले, “निम्मा निम्मा न्हाई. दोगांस्नीबी पुरा लिव.” ट्रकवाला पालखीच्या मागून चालत होता. त्याने आपल्या मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं आणि ते तो प्रत्येकाला ऐकवत होता.

त्या रात्री दादासो आमच्या सोप्यात आला. मास्तरांनी मला त्याच्या पुढे धरलं.

“ह्यो नवा पोचा तुज्या युफोनियमनं पाडलाय.”

“आणा हिकडं, मास्तर. काढून देतो. दुसराबी काढतो.”

“दुसरा काढ,” मास्तर म्हणाले. “तिसऱ्याला हात लावायचा न्हाई.”

पुढच्या यात्रेसाठी शिवांजली आता स्वतःची रचना लिहिते आहे, तीन बँडसाठी. तिसरा बँड तिच्या शाळेतल्या मुलींचा. तिच्या वहीत अमेरिकन नावांच्या खाली एक नवी ओळ आली आहे : ‘हिरीवरची दोन इंजनं, आकाराम मास्तर.’ दादासोने माझा दुसरा पोचा अजून काढलेला नाही. रोज काढतो म्हणतो आणि रोज इथे येऊन वाजवत बसतो. वाजवून झालं की मास्तर माझ्यातलं पाणी काढतात, खटक्यांना तेलाचा एकेक थेंब देतात आणि मला भिंतीवरच्या खुंटीला अडकवतात. ट्रंकेत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती. तुमच्या घरात एखादं वाद्य कापडात गुंडाळून ठेवलेलं असेल, तर ते बाहेर काढा. तेल द्या, पुसा, आणि मग वाजवा. जपणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. आणि समोरून दुसरा कुणी त्याची चाल वाजवत आला, तर मोजत बसू नका. चालत राहा. एखादा पोचा पडेल. पडू द्या.